कपाळाला लावलेलं पुस्तक

सोमवार, चैत्र. जळकोट

किळस आली आज. लातूर वेगळा जिल्हा झाला, तरी पाण्याची बोंब तीच. टँकर आला तेव्हा आमची लेक गौरी परीच्या गोष्टीत गुंग होती, आमच्या घागरी रिकाम्याच राहिल्या. आमचे हे रोज सकाळी पोथी वाचतात, संध्याकाळी लेकरं प्रेमानं कशी वाढवावीत ह्याचं पुस्तक. तेच वाचताना रिकाम्या घागरी दिसल्या, तसे ताडकन उठले आणि पोरीच्या कानाखाली वाजवली. मांडीवरचं पुस्तक खाली पडलं, त्याला पाय लागला. लगेच उचलून कपाळाला लावलं. पुस्तकाची माफी! पोरीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एवढं वाचून मिळवलं काय ह्यांनी? कपाळाला लावायचं, तेवढंच?

गौरी गाल धरून मला हळूच म्हणाली, "आई, राक्षसबी पुस्तकं वाचतेत का गं?"