गोळीवरचं दूध

रविवार, संध्याकाळ. भाचीच्या साखरपुड्याला नरडाण्याला गेलो होतो, तिथून परत.

अजून किळस येतेय. आबांच्या मिशीला चिकटलेली ती साय.

डॉक्टरांनी कितीदा बजावलंय, पार्किन्सनची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबरच घ्यायची. दुधाने ती नीट लागू पडत नाही. मी आत साडी नेसत होते, तेवढ्यात आत्याने आपल्या भावाच्या तोंडाला पेला लावला. "गोळी गरम पडस रे भाऊ, बठ्ठं दूध पी ले!" बठ्ठं, म्हणजे सगळं, पेला रिकामा होईपर्यंत.

मग साखरपुड्यात आबांचा हात मांडीवरून उठेना. नातीला स्वतः कुंकू लावायचं म्हणून आठवडाभर आरशासमोर सराव केला होता त्यांनी. शेवटी आत्यानेच त्यांचं मनगट धरून ते लावलं, तेही भुवईवर. वर सगळ्यांना सांगते, "मी दूध पाजं म्हणून इतलं तरी जमनं!" सगळे हसले. मीही का हसले? साय तशीच, मिशीवर वाळलेली.

परतताना गाडीत मी म्हणाले, "नको म्हणायचं ना, आबा."

"म्हणतच होतो गं. माझा शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो. तोवर पेला आला."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने मिशी पुसली. आता कुठे गोळी लागू पडली होती, हात चालत होता.