रविवारचे पेपर

३ मे
शिष्यवृत्तीच्या फाईलची प्रिंट काढली. एकवीस पानं. जर्मनीहून आलेलं प्रवेशाचं पत्र, मार्कमेमो, दाखले, आणि शेवटच्या पानावर पालकाची सही. मुदत १५ तारीख, संध्याकाळी पाच.

पप्पांना म्हटलं, "शेवटच्या पानावर फक्त सही करा." चुकलंच. पंचायत समितीत तीस वर्षं लिपिक असलेल्या माणसाला असं म्हणायचं नसतं. चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. "टेबलावर ठेव. वाचतो, मंग करतो."

पान चौदा आणि पंधरा म्हणजे माझं एसओपी, हाच विषय का शिकायचाय ते सांगणारा निबंध. ते वाचलं की संपलं.

४ मे, रविवार
एसओपी बदलता येत नाही. ज्या एसओपीवर प्रवेश मिळाला त्याचीच प्रत जोडा, असा नियम. आणि मी त्यात खरं लिहून बसलेय. परक्या माणसांना खरं सांगायला काय जातं आपलं.

लिहिलंय की अकरावी-बारावीला लातूरला मेडिकलच्या क्लासला होते, तेव्हा रविवारचे सराव पेपर बुडवून करीमचाचांच्या पेटी दुरुस्तीच्या दुकानात बसायचे. नीट न जुळलेले दोन सूर एकदम वाजवले की आवाजात लहर येते. ती लहर थांबेपर्यंत सुराची पितळी पट्टी हलक्या हातानं खरवडायची, हे चाचांनी शिकवलं. मग तेच फिजिक्सच्या धड्यात आलं आणि पहिल्यांदा वाटलं, हे आपलं आहे. म्हणून नीट परीक्षेत आपटले, म्हणून नांदेडला बीएस्सी, म्हणून एमएस्सी, म्हणून आता ध्वनिशास्त्र. इंग्रजीत वाचायला फार गोड वाटतं हे.

पेपर बुडवला की क्लासवाले पालकांच्या नंबरवर मेसेज टाकायचे. पालकांचा नंबर म्हणून मी माझंच दुसरं सिम दिलं होतं. हे मात्र एसओपीत नाही.

५ मे
पप्पा पान तीनवर. हातात पेन्सिल. वाचून झालेल्या पानाच्या कोपऱ्यात छोटी सही, ऑफिसात करतात तशी. इंग्रजी शब्द अडला की मोबाईलवर अर्थ बघतात. रोज दीड-दोन पानं. हिशोब केला, ११-१२ तारखेला चौदावर पोचणार.

आपणच सांगावं आधी. उद्या.

६ मे
नाही सांगितलं. आज भलतंच झालं.

पप्पांनी माळ्यावरून पेटी खाली काढली. मी अकरावीला लातूरला गेले त्या आठवड्यात वर ठेवलेली. पोरगं बारावीला असलं की लोक घरातलं केबल तोडतात, लग्नांना जात नाहीत. आमच्याकडे टीव्ही तसाही कुणी बघत नव्हतं, म्हणून पप्पांनी पेटी बंद केली. जयंतीच्या दिवसांत त्यांची गायन पार्टी लोहा, मुखेडपर्यंत गावोगाव जायची, पप्पा पेटीवर. दोन वर्षं नाही म्हणाले. पार्टीनं कीबोर्डवाला घेतला. नंतर ना त्यांनी बोलावलं, ना हे गेले.

"तुझं झालंच आता. वाजवायला काय हरकत हाय?"

भाता उंदरांनी कुरतडलाय, सूर गंजलेत. त्यांनी एक पट्टी दाबली आणि मला दुसऱ्या खोलीत कळलं कुठला सूर अडकलाय. हात शिवशिवले. म्हटलं, "दुकानात दाखवा, पप्पा." लाज वाटली स्वतःची. अजून वाटतेय.

८ मे
नांदेडच्या दुकानदारानं हात टेकले. इतकी जुनी पेटी लातूरला न्या म्हणाला, करीमचाचाकडे. लातुरात माणसं थोडी आहेत का? पण नाही, करीमचाचाच.

पप्पा खूश. शनिवारी एसटीनं जाणार. "चल की संगं. तुला लातूर माहीत हाय सगळं."

प्रोजेक्टचं कारण सांगितलं.

चाचांचा फोन बंद. त्यांना स्वतःला कुणाला लावायचा असला तरच चालू करतात.

९ मे
सकाळपासून अकरा वेळा लावला. लागला असता तर काय सांगणार होते? चाचा, माझ्यासाठी खोटं बोला? त्या माणसानं मला पहिल्याच महिन्यात विचारलेलं, "घर पे मालूम हय ना, बेटी?" मी हो म्हटलेलं. म्हणजे फसवलं त्यांनाही.

दुपारी ठरवलं, आता सांगते. हॉलमध्ये गेले. पप्पा पेटी पुसून राहिले होते आणि गुणगुणत होते. किती वर्षांनी. परत फिरले. भित्री कुठली.

१० मे, शनिवार
पप्पा सहाच्या बसनं गेले. दिवसभर काही सुचलं नाही. मम्मीनं दोनदा विचारलं, ताप आहे का.

संध्याकाळी सातला आले. खांद्यावर पेटी, तशीच.

मम्मी : "झाली का?"
"न्हाई."
मी म्हटलं, "चाचा भेटले?"
"भेटले." पाणी प्यायले. "नाव-गाव इचारलं, मंग म्हणले, घर में कारीगर हय, इत्ते दूर कायकू लाये?"

बस. हातपाय धुतले, जेवले. मम्मी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. "काय झालंय ते मला कुणी सांगंल का?"

पप्पा पेटी कोपऱ्यात ठेवून झोपायला गेले.

११ मे, रविवार
चहा झाल्यावर पप्पांनी पेटी माझ्यासमोर ठेवली. सोबत चाचांनी दिलेली पुडी : खरवडणी, चामड्याचा तुकडा, सरस. "बस," म्हणाले.

बसले. आधी भात्याला ठिगळ. ते सुकेपर्यंत दोघं भिंतीकडे बघत. मग सूर. मी सांगेन ती पट्टी पप्पा दाबत होते, दुसऱ्या हातानं भाता. तीन तास. मी लहर ऐकत होते आणि ते माझ्या हाताकडे बघत होते.

"किती रविवार?"
"मोजले न्हाईत."
"मोज."

मोजले. सुट्ट्या, सण, खरंच दिलेले पेपर वजा जाता छप्पन्न. त्यांनी मान हलवली, आकडा फाईलला लागल्यासारखी.

"पार्टीचा सराव बी रविवारीच राहायचा. हरिदासमामा दारात यायचे बोलवायला. मी म्हणायचो, पोरगी तिकडं पेपर देऊन राहिली, मी इकडं पेटी कशी उघडू?"

मला रडू आलं. त्यांनी पुढची पट्टी दाबली. "हा बघ. ह्यात हाय अजून लहर."

होती.

१३ मे
पेटी लागली. अजून वाजवली नाही त्यांनी. झाकून ठेवलीय.

काल पान चौदा, आज पंधरा. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मोबाईल न घेता वाचलं. कोपऱ्यात सही केली. पुढचं पान उलटलं.

मम्मीला सगळं मीच सांगितलं. ती म्हणाली, "क्लासचे मेसेज बी तूच अडवायचीस?" म्हटलं, हाव. तिनं कणीक मळायला घेतली, जोरात. मग म्हणाली, "मला तर सांगायचं होतंस."

१४ मे
उद्या पाचला मुदत. बाकीचे दाखले पप्पांनी रात्री जागून वाचले; वीस पानांवर सह्या आहेत. एकविसावं कोरं.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी पप्पांनी हाक मारली. समोर फाईल.

"तुला डॉक्टर व्हायचंच नव्हतं का?"

खोटं बोलायला जागाच नव्हती आता. "नव्हतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही इतकं ठरवलेलं होतं, पप्पा. तुम्हाला कसं सांगणार?"

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सांगायचं होतंस. मीबी घरात बसलो नसतो मंग. दोघांनी मिळून वाजवलं असतं."

सॉरी म्हटलं. तो शब्द त्यांनी ऐकला की नाही, माहीत नाही. मम्मी दारात उभी होती.

म्हटलं, "सही नका करू. मनात नसेल तर नका करू."

"मी कागद बघून सही करतो," म्हणाले. "मनात काय हाय ते ह्याच्यात कुठं लिहिलंय." चष्मा पुसला, ऑफिसला फोन लावून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली, आणि फाईल बंद करून पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.

साडेअकरा वाजलेत. पान चारवर आहेत.