आईचा वरचा ओठ

३ मार्च

सरांनी हात लावलाच! मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात. परत येऊन बघते तर मातीतल्या आईचा मी आत बसवलेला वरचा ओठ भरलेला, नाक सरळ, मान ताठ. "बघ, आता कसा जीव आला!" वर्गातली सगळी माना डोलवत होती. मीही डोलवली. मूर्ख!

परीक्षेला पाच कामं मांडायची. दोन उठावशिल्पं, एक तारेचं, एक लाकडाचं — ती झाली. पाचवं आईचं डोकं. सगळी मदार त्याच्यावर, आणि तेच आता माझं राहिलं नाही.

४ मार्च

मोडावं तर परीक्षेला सर समोरच बसणार. शिवाय उपकार — स्टुडिओची किल्ली त्यांनी दिली, माझ्यासाठी भांडले ते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

६ मार्च

डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं. वर बाबांनीच उचलून नेलं. खालचा स्टँडही त्यांनीच ठोकून दिलाय. फडकं काढून ओठ सरांनी भरलाय सांगितलं, तशी बाबांनी टाळी वाजवली. "ही खरी तुझी आई! जिन्यावरून कोसळायच्या आधीची!" मग शेजारच्या काकूंना तीच गोष्ट — ओल्या पायऱ्या, हातात बादली, बादली वाचली अन् दात गेले! सांगतातच अशी की मला दर वेळी हसू येतं. काकू तर हसून हसून खाली बसल्या. आईही हसली, नेहमीसारखा तोंडावर हात धरून.

मागाहून ती स्वयंपाकघरात म्हणाली, "हेच दे गं. माझं बोळकं कशाला चारचौघांत मांडतेस?"

झालं! सर, बाबा, आई एकीकडे. मी एकटी ओठाच्या बाजूला.

७ मार्च

फडकं भिजवलं. बाकी काही नाही.

९ मार्च

कापला! घरात कोणी नव्हतं. सरांनी भरलेली माती तारेनं उतरवली. पण पुढे हात चालेना. जन्मापासून बघतेय हा चेहरा, आणि ओठ नेमका कुठून आत जातो ते आठवेना. आठवणार कसं? मध्ये कायम तिचा हात!

तेवढ्यात आई लाँड्रीतल्या कामावरून आली. आता ओरडणार, वाटलं. तिनं पिशवी ठेवली, हात धुतले, दाराला कडी लावली आणि स्टुलावर बसली.

"नको म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. बाबा येईपर्यंत आटप."

तोंडावरचा हात मांडीवर ठेवला. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. ओठ सगळा आत नाही जात — डावीकडेच जातो. कडेला एक पांढरी रेघ आहे, जुन्या टाक्याची. मी थांबले.

"तीही घे," आई म्हणाली.

घेतली.

१० मार्च

बाबांनी बघितलं. हसले नाहीत. "हे मोड." पंखा बंद कर म्हणावं, तितक्या साधेपणानं. "सरांनी केलं होतं तसंच कर. लोक काय म्हणतील आपल्याला?"

आई भाजी चिरत होती. मान वर केली नाही.

"हो बाबा," म्हणाले मी. ते बाहेर पडल्यावर टॅक्सी बोलावली आणि डोकं थेट स्टुडिओत! खोटं बोलले. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "मोडलंस?" — पुन्हा "हो."

१२ मार्च

साचा घेतला, प्लास्टर ओतलं. सरांनी एकदाच पाहिलं. "तुझी मर्जी." इतकंच. घरात बाबा, इथे सर — श्वास घ्यायला जागा म्हणून नाही.

१४ मार्च

परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बाकी कामांवरून झरझर गेल्या, आईपाशी थांबल्या.

"ओठ असा का?"

"जिन्यावरून पडली होती."

"कोण म्हणतं?"

"बाबा."

बाई जवळ वाकल्या. त्या रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. सर खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी कळलं — पास! चांगली पास! बाबांना फक्त पास एवढंच सांगितलं. त्यांनी गल्लीभर सांगितलं.

१५ मार्च

आई काम सोडून स्टुडिओत आली. एकटीच. प्लास्टरच्या स्वतःसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "जिना नव्हता गं. दात पडले नाहीत. पाडले."

अंधार पडलाय. बाबांचे फोन येताहेत. आम्ही अजून घरी गेलेलो नाही.