सहीखालची रेघ

९ जानेवारी

ती. काका आणि काकू यांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान पकडते. ऑफिसात कामाचा डोंगर आहे. काकू विचारते की मी दिवसभर नेमकं करते काय, तर ऐक. लोक खेळाडूंची कार्डं पाठवतात आणि आम्ही दिव्याखाली भिंग घेऊन त्यांना दहापैकी गुण देतो. कोपरे, कडा आणि छपाईला एक आकडा, आणि सही असली तर तिला वेगळा आकडा. मग कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद.

आता गोड बातमी. कार्डकंपनीने काकांच्या जुन्या संघाची नवी कार्डं काढली ना, त्यातली काकांच्या सहीची सात या आठवड्यात आली. घरच्या माणसाचं कार्ड आपण तपासायचं नाही असा नियम आहे, म्हणून ती शेजारच्या टेबलावर गेली. सातही सह्यांना दहा! सत्तरीतही आमच्या गोलरक्षकाने एक गोल होऊ दिला नाही, असं मी अख्ख्या खोलीत सांगत सुटले.

प्रकृतीला जपा. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
भिंगबाई


१७ जानेवारी

चि. भिंगबाईस,
अनेक आशीर्वाद.

चष्म्याची काडी मोडली आहे, म्हणून मी सांगतो आहे आणि काकू लिहिते आहे.

तुझ्या दहांचं मला काही कौतुक नाही. कार्डाला गुण द्या, तो कागद आहे. सही म्हणजे काय परीक्षेतली उत्तरपत्रिका? एकदा बस सुटत होती, मी पायरीवर एका पायावर उभा होतो, पेन अर्धं वाळलेलं. एका शाळेच्या बाईंनी कार्ड पुढे केलं आणि मी कशीबशी सही खरडली. तिला तुम्ही तीन गुण द्याल. त्या बाई मात्र अजून नवीन वर्षाला पत्र पाठवतात. तुम्ही लोकांनी नसती दुकानं थाटली आहेत.

आणि माझी कार्डं घेऊन मिरवत जाऊ नकोस. काकू म्हणते की मी उगाच चिडलो आहे. असेल. तू रागावणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणूनच तुझ्यावर चिडतो.

तुझा,
काका


१ फेब्रुवारी

ती. काका आणि काकू यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात काकांच्या सहीचं आठवं कार्ड आलं, कंपनीने अगदी पहिल्यांदा विकलेल्या गठ्ठ्यातलं. त्या सहीला चार मिळाले. मालकाकडे दहावाल्यांतलंही एक होतं. तो चिडला, एकाच माणसाच्या एकाच वर्षातल्या सहीला एकदा दहा आणि एकदा चार कसे म्हणून. साहेबांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि काकांचा हात मला ओळखीचा म्हणून मला बोलावलं.

चारवाल्या सहीतली अक्षरं पुढे पुढे बारीक होत गेली आहेत आणि प्रत्येक वळणावर पेन थरथरलं आहे. सहीखालची रेघ डावीकडून उजवीकडे ओढली आहे. दहावाल्या सहीत अक्षर ठसठशीत, पण रेघ उजवीकडून डावीकडे. पेन टेकतं तिथे शाईचा ठिपका उरतो, भिंगाखाली तो लपत नाही. घरी आल्यावर मी तुमचं मागचं पत्र काढलं. तारखेखालची रेघही उजवीकडूनच सुरू होते. काकू डावखुरी आहे हे मला कोणी सांगायला नको.

साहेबांना मी एवढंच म्हटलं की घरचा मामला आहे, मला बोलायला लावू नका. पण मी गप्प बसणं हेही खोटंच आहे. ज्यांनी कार्डं घेतली त्यांनी काकांची सही म्हणून घेतली. आणि मनातलं सांगू? दहा खोटे निघाले याचं दुःख आहे, पण चार खरे आहेत याची भीती जास्त वाटते. काका, हात कधीपासून थरथरतो? आधी डॉक्टरांकडे जा. बाकीचं मागाहून निस्तरू.

रागवा, पण तोडू नका.

तुमची,
भिंगबाई


६ फेब्रुवारी

चि. भिंगबाईस,
आशीर्वाद.

हे पत्र माझं मी लिहिते आहे. ते पलीकडच्या खोलीत आहेत.

दीड वर्ष झालं. आधी चहाची बशी वाजायची, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांचं नाव काढलं की वय झालं म्हणायचे. कंपनीने दोनशे कार्डं पाठवली. साठ कार्डांवर सह्या करायला त्यांना महिना लागला. मग कंपनीचं पत्र आलं, की दुसरीकडे तपासलेल्या सह्यांना गुण कमी पडताहेत, उरलेल्या जरा नीटनेटक्या कराव्यात. ते दोन दिवस जेवणापुरते बाहेर आले. तिसऱ्या दिवशी टेबलाशी बसले होते, पेन हातातून दोनदा पडलं. तिसऱ्यांदा ते मी उचललं आणि परत दिलं नाही. ते खिडकीकडे बघत राहिले.

अगं, ते सामन्यांना महिनोन्‌महिने बाहेर असायचे. मुलांची प्रगतिपुस्तकं, बँकेचे फॉर्म, पार्सलच्या पावत्या, सगळ्यांवर त्यांची सही मीच केली. पन्नास वर्षं कोणी हरकत घेतली नाही. मला खरंच वाटलं नाही की मी कोणाला फसवते आहे. तुझं पत्र वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली.

त्यांना पत्र वाचून दाखवलं. उठून झोपायला गेले. सकाळी मात्र स्वतःहून म्हणाले की डॉक्टरांची वेळ घे.

तुझ्यावर राग नाही. तू आमचीच आहेस.

काकू


२० मार्च

चि. भिंगबाईस,
आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितो आहे. तीन दिवस लागले. वाचता आलं नाही तर भिंग आहेच.

कंपवात आहे. गोळ्या सुरू. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी यायला हवं होतं.

कंपनीला सगळं कळवलं. काकूचं नाव घातलं नाही, दोष माझा. एकशे चाळीस कार्डं परत मागवताहेत. ज्यांना हवी त्यांना मी नव्या कार्डावर सही करून देणार. रोज पाच. जास्त होत नाहीत. काहींनी सणसणीत पत्रं लिहिली. त्यांचं बरोबर आहे.

सहीला गुण कशाला, म्हणून तुझ्यावर ओरडलो. ते चार मिळाले नसते तर मी अजून खिडकीकडेच बघत बसलो असतो.

तुमच्याकडे माझं कार्ड आलं तर शब्द टाकू नकोस. जे पडतील ते पडू देत.

काका


१४ एप्रिल

ती. काका आणि काकू यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सबंध वाचता आलं. भिंग लागलं नाही.

नव्या सह्यांची तीन कार्डं आमच्याकडे आली. मी शब्द टाकला नाही. दोन कार्डांना चार मिळाले, एकाला तीन. लपवत नाही, ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले.

काल चौथं आलं. आमच्या अर्जावर एक चौकट असते, सहीला गुण नकोत, फक्त ती खरी आहे एवढंच लिहून द्या, अशी. ती कोणी फारशी भरत नाही. या मालकिणीने त्यावर खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं, की कार्डं परत मागवल्याची बातमी वाचली, कार्ड मुद्दाम बदलून घेतलं, त्यांचा हात चालतो आहे एवढं कळलं तरी पुरे.

काका, त्यांनी गुण किती हे विचारलंच नाही. तुम्हीच ना, एवढंच विचारलं. साहेबांनी सांगितलं, हा हात तुझ्याइतका कोणाला ठाऊक नाही, नियम आजच्यापुरता बाजूला ठेव. मी भिंग न उचलता लिहून दिलं, की हो, तेच.

तुमची,
भिंगबाई