मेघनाच्या कॅलेंडरवरच्या चिठ्ठ्या

फरीदाबाद, डिसेंबर २००२, मंगळवार

मेघनाचा घसा पार बसलाय. गुडगावच्या कॉल सेंटरात दिवसभर फोनवर बोलायचं, दुसरं काय होणार? मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला लावल्या, हळदीचं दूध दिलं. 'आता एक शब्द बोलायचा नाही,' म्हटलं, आणि मीच विचारत बसले. गिळताना दुखतंय का? बॉस रागावेल का? बिचारी जुन्या कॅलेंडरच्या मागे उत्तरं लिहीत राहिली. मग न विचारताही लिहायला लागली, बॉसबद्दल, तिथल्या एकटेपणाबद्दल. एरवी घरी आली की 'थकलेय यार', बस. आज कॅलेंडरची चार पानं भरली.

गुळण्यांचं पाणी पुन्हा कोमट करून ठेवलंय. शेजारी कॅलेंडरची अजून दोन पानंही फाडून ठेवलीत. कसली आई मी.