क्लॅरिनेटच्या चार ओळी

प्रिय अनुया,

रहाटणीचा हॉल मिळाला. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला तुझी रचना आम्ही अकराजण वाजवणार, असं दीपमालाने आज सकाळी फोन करून पक्कं सांगितलं. ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तयार माल तपासते आणि आमच्या वाद्यवृंदात बासरी वाजवते. तिनं पक्कं म्हटलं की ते पक्कंच असतं.

तू विचारलंस, मामा, काय बदलू? चाल उत्तम आहे, तिला हात लावू नकोस. पण पहिल्या ओळीपासून अकराही वाद्यं बोलतात. आमचा ढोलकीवाला हिंदुराव अर्ध्या पानावर थांबला आणि म्हणाला, "मास्तर, भाची हुशार हाय, पण ही काय पंगत न्हाई. सगळ्यांना एकदम कशाला वाढतीय?" त्याचं बरोबर आहे. बासरी खालच्या सुरांत असते तिथे व्हायोलिन तिला बुडवतं. तिला वरच्या सप्तकात ने, नाहीतर व्हायोलिनला गप्प बसव. ढोलकी पहिल्या पानावर नकोच. ती उशिरा आली की लोक सावरून बसतात. हे मी हिंदुरावला अजून सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट इथली. आमची तालीम शिफ्टप्रमाणे होते. पहिल्या शिफ्टवाले संध्याकाळी येतात, दुसऱ्या शिफ्टवाले सकाळी, आणि सगळे एकत्र बसतात ते थेट कार्यक्रमाला. कंपनीत असताना हे विसरून मी एकदा चालीची एक ओळ व्हायोलिनला, पुढची माझ्या क्लॅरिनेटला, अशी वाटणी केली. नेमका त्या दिवशी व्हायोलिनवाल्या रविराजला चाकणला ओव्हरटाइम लागला. त्याच्या प्रत्येक ओळीला स्टेजवर नुसती ढोलकी. लोकांना वाटलं, असंच असेल, टाळ्याही पडल्या. तुझी आई पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून हसत होती. तेव्हापासून चालीच्या प्रत्येक ओळीला मी एक वारस ठेवतो. पेटीच्या कागदावर ती बारीक अक्षरात लिहून ठेव. माणूस आला नाही तर पेटी उचलते.

आणि कॉम्प्युटरवर ऐकताना एक फसगत होते. त्याला धाप लागत नाही. फुंकून वाजवायच्या वाद्याला दोन ओळींनंतर श्वासापुरती जागा सोड. कागदावर ती रिकामी दिसते, ऐकणारा मात्र तिथेच कान टवकारतो.

आता मधल्या क्लॅरिनेटच्या चार ओळी. बाकी सगळे थांबतात आणि मी एकटा वाजवतो. पिंपरीच्या आमच्या गॅलरीत बसून लहानपणी तू जे ऐकायचीस, ते त्यात आहे हे मी ओळखलं. सहा दिवस रोज घेऊन बसलो. दोन ओळी नीट येतात, तिसरीत सूर हलतो. डॉक्टर म्हणतात, छाती वयाच्या मानाने ठीक आहे. वय एकाहत्तर आहे. त्या ओळी दीपमालाला दे. मी तिला त्या बासरीवर बसवून दिल्यात, आणि ती छान वाजवते. मला शेवटचा सा ठेव, सगळ्यांबरोबर, आखूड. फोनवर हे तू ऐकून घेतलं नसतंस, म्हणून पत्र. शनिवारी दुपारपर्यंत बदललेले कागद घेऊन ये. संध्याकाळी पहिल्या शिफ्टवाले येतील, रविवारी सकाळी दुसऱ्या शिफ्टवाले, आणि सहाला आम्ही अकराहीजण.

तुझ्या रचनेतला अकरावा, तुझाच
शरदमामा