चार माळा, एकतीस मणी

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदेड,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

सौ. सुकन्या हिस थोरल्या जावेचा आशीर्वाद. भाऊजींना शरणार्थ सांग.

पार्सल शनिवारी पोचलं. लोकरीची शाल एक, किमतीची चिठ्ठी तशीच, सातशे ऐंशी. शेंगदाण्याच्या पोळ्या बारा, एकही मोडली नाही. पाठवायचे नव्वद रुपये तू तिकडंच भरलेस. शालीत रुद्राणीच्या हातची चिठ्ठी होती, “मोठ्या आईनं तीन दिवस मन लावून मोजलं म्हणून.” शाल घडी न मोडता ट्रंकेत ठेवली. का, ते पुढं लिहिते. फोनवर जमलं नसतं. तुझा आवाज ऐकला की मी पोळ्यांचंच बोलत बसले असते.

इकडं ठीक. यांचा गुडघा दुखून राहिला. स्वप्नाली चाकूरहून आठ दिवस माहेरी आली आहे. आज उपवास आहे, म्हणून लिहायला वेळ मिळाला.

तुझी रुद्राणी इंजिनिअर म्हणून आमच्या रस्त्यावर आली तो दिवस तू पाहिला नाहीस. डोक्यावर पिवळं टोपडं, हातात टेप. दुकानाच्या पायरीपासून रस्त्याच्या मधापर्यंत मापं घेतली. सायकलींना वेगळी वाट करायची आणि बाजूनं सिमेंटचा कठडा घालायचा, म्हणजे ऑटो आणि मोटारसायकली आत घुसायच्या नाहीत, असं ती सगळ्या दुकानदारांना समजावून सांगत होती. माणसं ऐकत होती गं. मेडिकलवाले व्यंकटराव मला म्हणाले, “वैनी, पुतणी लई हुशार निघाली. तुमची स्वप्नाली पण हुशार होती न्हाई?”

होती म्हणाले. स्वप्नाली तेव्हाही चार दिवस आली होती, आत सगळ्यांसाठी चहा गाळत होती.

मग रुद्राणीनं सायकली मोजायचं काम मला दिलं. म्हणाली, मोठी आई दुकानाच्या वहीत एक आकडा इकडचा तिकडं होऊ देत नाही. तीन दिवस आठ ते दहा पायरीवर बसले. फॉर्मवर रेघा ओढता ओढता चुकायला लागले, म्हणून जपाची माळ घेतली. एक सायकल, एक मणी. माळ भरली की वहीत एक खूण. पहिल्या दिवशी चार माळा, एकतीस मणी. म्हणजे चारशे त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी चारशे एक्कावन्न, तिसऱ्या दिवशी चारशे अठ्ठ्याहत्तर. निम्म्याहून जास्त शाळेच्या पोरी, दप्तर पाठीवर, ऑटोच्या चाकाला चाक लावून.

सुकन्या, फॉर्मवर मी तिन्ही दिवस चारच्या जागी एक लिहिला.

नऊशे सायकली मी पुसल्या. यांना कळलं तेव्हा म्हणाले, बरं झालं, कठडा आला असता तर गिऱ्हाइकानं गाडी कुठं लावायची. मी म्हटलं, हाव, दुकानासाठीच केलं. आठवडाभर त्याच बोलण्याआड लपले. पण लिहिताना दुकान मनात नव्हतं. तू होतीस. लेकीच्या नावानं सगळा बाजार ओळखतो अशी आई तू, आणि लेकीच्या हातचा चहा बरा झाला असं ऐकणारी मी.

दहावीला स्वप्नालीला रुद्राणीपेक्षा तीन टक्के जास्त होते. हे तू विसरली असशील. मी नाही.

बुधवारी रुद्राणीचा फोन आला. म्हणाली, आपल्या टप्प्यात सायकली फारच कमी दिसतात, तेव्हा पोरींच्या शाळेपर्यंत कठडा नाही, नुसता पिवळा पट्टा. सत्तावीस तारखेच्या बैठकीत पक्कं होईल. मी विचारलं, परत मोजायला नको का? तर म्हणते, “मोठी आई, तू मोजलंय म्हणजे बरोबरच असणार.”

तेव्हापासून जपाला बसले की मण्यामण्याला घंटी ऐकू येते.

काल वही स्वप्नालीच्या हाती लागली. तिनं वहीतला आकडाही पाहिला आणि फॉर्मची माझ्याकडची नक्कलही. ओरडली नाही. इतकंच म्हणाली, “आई, नववीत मला इथंच धक्का बसला होता.”

ते मी तुला कधी नीट सांगितलंच नव्हतं. ऑटोचा धक्का बसला, कोपर मोडलं, आणि तिसऱ्या दिवशी मी सायकल भंगारात घातली. पुढं सायन्सचे क्लास पडले स्टेशनपलीकडं, तिथं तिला पाठवायला मला धीर झाला नाही. घराजवळचं कॉलेज घेतलं आणि विसाव्या वर्षी लग्न. तुझी रुद्राणी लातुरात पडली होती तेव्हा तू गुडघ्याला हळद लावून दुसऱ्या दिवशी परत सायकलवर बसवलीस. मी तुला तेव्हा कठोर म्हटलं होतं, चार बायकांत.

हा कठडा तेव्हा असता तर, असं रात्रंदिवस मनात येतं. आणि तो आता दुसरीची लेक बांधणार, हे सोसवलं नाही.

वहीचं ते पान फाडून सोबत पाठवते. एकतीस वर्षांत मी वहीचं पान फाडलं नव्हतं. रुद्राणीच्या हाती दे आणि माझंच नाव सांग, यांचं किंवा दुकानाचं नको. जळणं गेलं असं लिहिणार नाही, गेलेलं नाही. पण पोरींच्या जिवाशी त्याचा संबंध नको.

तिला नवीन मोजणी करायची असेल तर कोरे फॉर्म पाठव. स्वप्नाली रविवारी जाणार होती, आता बैठकीपर्यंत थांबते म्हणते. मणी मी सोडीन, आकडा ती लिहील, आणि खाली सहीही तीच करील. रुद्राणीनं तसं चालेल म्हटलं, की शाल अंगावर घेईन.

पान पोचलं की नाही, आणि पोरगी काय म्हणाली, ते उलट टपाली दोन ओळींत कळव. फोन करू नकोस.

तुझी,
शिवकांता
(स्वप्नालीची आई)